थीम पार्कला जाताना पोरांना दमवू नका

श्रोतेहो, नमस्कार.

थीम पार्कच्या दारातून सकाळी आत शिरणारी आणि संध्याकाळी बाहेर पडणारी कुटुंबं कधी नीट पाहा. सकाळी पोरं पुढे पळत असतात आणि मायबाप मागून हाका मारत असतात. संध्याकाळी एक पोरगं बापाच्या खांद्यावर झोपलेलं, दुसरं आईचा पदर ओढत रडणारं आणि आजी बिचारी पिशव्या सांभाळत सगळ्यांच्या मागे. एवढा पैसा लावून, रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसांची अशी दैना का व्हावी? माझ्या मते तिकीट महाग असतं, म्हणून ते वसूल करायचं असं आपण दारातच ठरवून टाकतो, आणि तिथूनच सगळं बिघडतं.

अशाच एका पार्कमध्ये रांगेत माझ्यापुढे आपल्या विदर्भातलंच एक कुटुंब होतं. दुपारचे तीन वाजले असतील. सहा-सात वर्षांचा मुलगा रांगेच्या लोखंडी कठड्याला गाल टेकवून उभ्या उभ्या पेंगत होता. हातातलं आइस्क्रीम वितळून कोपरापर्यंत ओघळलं होतं, पण त्याला त्याचं भान नव्हतं. वडील त्याला हलवून म्हणत होते, "उठ ना बाबू, इतले पैसे देल्ले, आता हा पाळणा सोडतं का?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कापसाच्या पैशातून पोराला इतक्या लांब आणलं, तर त्याला काही कमी पडू नये, एवढाच जीव होता. पण त्या पोराला पाळणा नको होता, सावली पाहिजे होती.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. घरातलं जे माणूस सगळ्यात लवकर दमतं, त्याच्या चालीनं दिवस आखा. ते तीन वर्षांचं लेकरू असेल, नाहीतर गुडघे दुखणारी आजी असेल. मोठ्या पार्कमधलं सगळं एका दिवसात होतच नाही, गर्दीच्या दिवशी तर एकेका राइडला तासभर रांग लागते. पोरांना घरीच विचारा की कुठल्या तीन गोष्टी पाहिजेतच. त्या तीन सकाळी दार उघडल्या उघडल्या करून घ्या. दारातून आत गेलं की लोक पहिल्या दिसेल त्या पाळण्यापाशी थांबतात, तुम्ही सरळ मागच्या टोकाला चला. जेवण गर्दीच्या आधीच उरकून घ्या, एक वाजता तिथे बसायला जागा मिळत नाही. दुपारचे दोन तास काहीच करू नका. सावलीत बसा, पोरं झोपली तर झोपू द्या. ऊन कललं की ती आपणच उठतात आणि मग पुन्हा हिंडायला मजा येते.

आता जायचं कुठे? आपल्याकडे मुंबईच्या बाजूला जायचा रिवाज आहे. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, त्याचा वॉटर पार्क पुढच्या वर्षी आला. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस वर्धा, बडनेरा, अकोला करत सकाळी कल्याणला पोचवते आणि तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल मिळते. समृद्धी महामार्गाने स्वतःच्या गाडीनेही लोक जातात. पण तो रस्ता सरळसोट आहे, डोळा लागतो, टायर तापतात. तेव्हा दर दोन तासांनी गाडी थांबवा, आणि एकट्या माणसाने रात्रभर गाडी चालवून सकाळी पार्कच्या रांगेत उभं राहायचा विचारही करू नका.

रेल्वेने गेलात तरी पोचल्या दिवशी पार्क नकोच. त्या दिवशी अंघोळ करा, झोप काढा आणि संध्याकाळी महडच्या वरदविनायकाचं दर्शन घ्या. खोपोलीजवळच आहे. इमॅजिका ज्या रस्त्यावर आहे तोच रस्ता पुढे पालीला बल्लाळेश्वराकडे जातो. अष्टविनायकांपैकी दोन गणपती झाले म्हणजे आजीच्या मनासारखं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ती आनंदाने पोरांसोबत येते.

पण वणी, पांढरकवडा, राजुरा, चंद्रपूर या पट्ट्यातल्या लोकांनी मुंबईचा हट्ट का धरावा, हे मला कळत नाही. पांढरकवड्याहून ४४ नंबरच्या हायवेने आदिलाबाद, निर्मल करत हैदराबाद साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. चंद्रपूर-बल्लारशाहून थेट गाड्या आहेत. हैदराबादला वंडरला पार्क २०१६ पासून आहे, पाण्याचे आणि बिनपाण्याचे पाळणे एकाच तिकिटात. म्हातारी माणसं सोबत असतील तर मी रामोजी फिल्म सिटीच सुचवेन. १९९६ साली उभी राहिलेली ही जागा बसमधून फिरून बघता येते. बसून पाहायचे कार्यक्रम पुष्कळ असतात, त्यामुळे आजोबांना कुणाच्या तरी बॅगा राखत बसावं लागत नाही.

निघायच्या आधी घरी एक काम करा. पोरांना भिंतीशी उभं करून उंची मोजा. बऱ्याच पार्कांत लहान मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. शिवाय प्रत्येक राइडला कमीत कमी उंची ठरलेली असते आणि मोठ्या वेगाच्या राइडला ती बहुधा १४० सेंटीमीटर असते. छातीवर येणारा दांडा ठरावीक बांध्याच्या अंगावरच नीट बसतो, लहान पोरगं त्यातून निसटू शकतं. तेव्हा तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका, आणि "एक बोटच कमी आहे, सोडा ना भाऊ" तर मुळीच म्हणू नका. उंची घरीच कळली असली की पोरगं दारात हिरमुसत नाही.

पाण्याच्या भागाबद्दल बायांसाठी मुद्दाम सांगते, कारण हे आधी कुणी सांगत नाही. साडी, सुती सलवार-कुर्ता किंवा जीन्स घालून पाण्यात उतरू देत नाहीत. सुती कपडा भिजला की जड होतो, त्याचे धागे गाळणीत अडकतात आणि सुटा पदर किंवा ओढणी घसरगुंडीत गुंतली तर जीवावर बेतू शकतं. नायलॉनचे अंगाबरोबर बसणारे कपडे लागतात. ते तिथे भाड्याने मिळतात, पण चौघापाच जणांचं भाडं मिळून बरीच रक्कम होते. तालुक्याच्या बाजारातून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लांब पँट अशी जोडी आधीच घेऊन ठेवा. अंग झाकलं जातं, संकोच वाटत नाही. आपल्या कितीतरी आयाबहिणी निव्वळ कपड्यांपायी दिवसभर काठावर बसून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांनाही पाण्यात उतरावंसं वाटतंच की!

घरचा डबा बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं चालतात का, ते तिकीट काढतानाच विचारून घ्या.

जे पोरगं घाबरतं, त्याला ओढून पाळण्यात बसवू नका. चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेतला आकाशपाळणा पाहिलेलं लेकरूही तिथला प्रचंड सांगाडा आणि वरून येणाऱ्या किंकाळ्या ऐकून दचकतं. त्याला लांबून पाहू द्या. लोक हसत खाली उतरतात हे दोन-तीनदा दिसलं की कधी कधी ते स्वतःच हात धरून ओढायला लागतं. नाही ओढलं तर साधा घोड्यांचा पाळणा आहेच. गरोदर बाई, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असलेलं माणूस, यांनी वेगाच्या राइडपासून लांबच राहावं.

आणि हरवण्याची काळजी. सकाळी खोलीतून निघताना पोरांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. कुणी चुकलंच तर घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही, फोटो मात्र लगेच दाखवता येतो. मनगटावर पेनाने तुमचा मोबाइल नंबर लिहा. पाण्यात जाणार असाल तर पुसला न जाणाऱ्या मार्करने लिहा.

वेळेचं म्हणाल तर नोकरदारांसाठी जून बरा. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात, त्या आठवड्यात मुंबई-पुण्याची पोरं वर्गात असतात आणि रांगा कमी होतात. शेतकऱ्याला तेव्हा पेरणी सोडून हलता येत नाही, त्याला दिवाळीच. सोयाबीन निघालेलं असतं. भाऊबीज झाली की निघा, आणि पार्कचा दिवस मंगळवार ते गुरुवारच्या मधला धरा.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पोळ्याच्या अमावस्येपासून लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येपर्यंत, मधे अधिक महिना नसेल तर, दोन चांद्रमास म्हणजे एकोणसाठेक दिवस होतात. म्हणजे भाऊबीजेच्या गाडीचं आरक्षण साधारण तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या सुमारास सुरू होतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. रात्रीचा प्रवास आहे, पैसे जातील तर जाऊ द्या पण पोराला बर्थ घ्याच. पोळा चार दिवसांवर आला आहे. तारखा आजच काढून ठेवा आणि परतीचं तिकीटही त्याच वेळी काढा.

नमस्कार.