चार महिने आणि एक पत्र

मित्रहो, कार्यक्रमपत्रिकेवर 'व्यंगचित्रे, मुस्लिम समाज आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य' असा विषय छापला आहे. त्यातल्या 'मुस्लिम समाज' या दोन शब्दांपासून मी सुरुवात करतो, कारण माझी सगळी तळमळ तिथेच आहे.

'मुस्लिम समाजाची प्रतिक्रिया' असे आपण एकवचनात म्हणतो आणि डोळ्यांसमोर पेटलेली इमारत उभी राहते. इमारती पेटल्या, हे खरेच आहे. ४ फेब्रुवारी २००६ रोजी दमास्कसमध्ये आणि दुसऱ्या दिवशी बैरुतमध्ये जमावाने डेन्मार्कच्या राजनैतिक कार्यालयांना आग लावली, आणि त्या सुमारास अनेक देशांत माणसे मेली. पण 'युलंड्स-पोस्टेन' या डॅनिश दैनिकाने प्रेषित मुहंमदांच्या विषयावरची बारा व्यंगचित्रे छापली होती ३० सप्टेंबर २००५ रोजी. मग मधले चार महिने डेन्मार्कमधले मुसलमान काय करत होते? हा प्रश्न मी अनेक सभांत विचारला आहे आणि उत्तर क्वचितच मिळाले आहे.

ते अर्ज लिहीत होते. ऑक्टोबरमध्ये कोपनहेगनमध्ये हजारोंचा शांततापूर्ण मोर्चा निघाला. मुस्लिमबहुल देशांच्या अकरा राजदूतांनी पंतप्रधान अँडर्स फॉग रासमुसेन यांना पत्र लिहून भेट मागितली; पंतप्रधानांनी भेट दिली नाही, आणि वृत्तपत्रांवर सरकारचा अधिकार चालत नाही, ज्यांना दुखावल्यासारखे वाटते त्यांनी न्यायालयात जावे, अशा आशयाचे उत्तर पाठवले. उत्तर तत्त्वतः योग्यच होते. संपादकाला शिक्षा करा असे पंतप्रधानांनी म्हणावे, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. पण भेटायला बोलावून, चहा देऊन, तोंडावर नकार देणे आणि दारच न उघडणे यांत जे अंतर आहे, ते गावातल्या कोणत्याही तंट्यात पंच म्हणून बसलेल्या माणसाला समजते. आणि मुस्लिम संघटना खरोखरच कायद्याच्या वाटेने गेल्या. त्यांनी पोलिसांत तक्रार केली, आणि जानेवारी २००६ मध्ये सरकारी अभियोक्त्यांनी खटला भरण्यास नकार दिला.

याच काळात काही इमामांनी एक दस्तऐवज घेऊन मध्यपूर्वेचा दौरा केला आणि त्यात दैनिकाने कधीच न छापलेली, जास्त आक्षेपार्ह अशी तीन चित्रे घातली. हे अक्षम्य होते, आणि ते झाकून मला माझी बाजू मांडायची नाही. पण त्याच डेन्मार्कमध्ये सीरियात जन्मलेले खासदार नासेर खादर यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये लोकशाहीवादी मुस्लिमांची संघटना उभारली. इमामही मुसलमान, खादरही मुसलमान. मग आपले एकवचन यांतल्या कोणाचे?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुख्य मुद्दा अजून राहिलाच आहे. तो थोडक्यात मांडतो.

फ्रान्समध्ये हीच चित्रे पुन्हा छापणाऱ्या 'शार्ली एब्दो' या व्यंग साप्ताहिकावर पॅरिसच्या मोठ्या मशिदीने खटला भरला, २००७ मध्ये न्यायालयाने संपादकांना निर्दोष सोडले. खटला भरणे हीही अभिव्यक्तीच होती, आणि हरण्याची तयारी ठेवून केलेली. ७ जानेवारी २०१५ रोजी त्या साप्ताहिकावर हल्ला करणाऱ्यांनी जी बारा माणसे मारली, त्यांत अहमद मेराबे हा मुस्लिम पोलीसही होता.

आपल्याकडचे भारतीय दंड संहितेतले कलम २९५अ, म्हणजे धर्मभावना जाणूनबुजून दुखावणे गुन्हा ठरवणारे कलम (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९९), तर याच दुखण्यातून जन्मले. प्रेषितांवरच्या एका पुस्तिकेचे लाहोरचे प्रकाशक राजपाल १९२७ मध्ये उच्च न्यायालयातून सुटले, त्याच वर्षी हे कलम आले, आणि तरीही १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झाला. कायद्याने खून थांबला नाही. मात्र जानेवारी २०१५ मध्ये त्याच कायद्याचा आधार घेऊन मुंबईतल्या उर्दू 'अवधनामा'च्या संपादक शिरीन दळवी यांना अटक झाली, कारण 'शार्ली एब्दो'चे मुखपृष्ठ त्यांच्या अंकात छापले गेले होते. माफी मागूनही तक्रारी थांबल्या नाहीत आणि वृत्तपत्राची मुंबई आवृत्ती बंद पडली. म्हणून मला हे कलम नको आहे, आणि ते नको म्हणताना मी शिरीन दळवींच्या बाजूने, म्हणजे एका मुस्लिम बाईच्याच बाजूने बोलतो आहे.