नावाची गोधडी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नागपूरची थंडी दिवाळीनंतर दबकत दबकत येते आणि डिसेंबरात एकदम अंगावर बसते. मग माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात, घरभर डांबरगोळ्यांचा वास सुटतो आणि गच्चीवर गोधड्यांना ऊन दाखवणं सुरू होतं. आज मी बोलणार आहे गोधडीवर, आणि तीही नावाच्या गोधडीवर. घरातल्या ज्याची त्याची वेगळी गोधडी. नातवाची त्याच्या नावाची, नातीची तिच्या आवडीची, नणंदेची तिच्या माहेरच्या लुगड्याची.

गोधडी कशी शिवतात हे तुम्हाला मी काय सांगू? धावदोरा ज्याला येतो त्याला गोधडी येते. फक्त जिथे बिघडते तेवढंच सांगते. पहिली गोष्ट, कापड आधी धुवा, मग कापा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं लुगडं बिचारं वर्षानुवर्षं आटून झालेलं असतं. दोन्ही न धुता जोडलं की गोधडी भाजलेल्या पापडासारखी वाकडी होते. शिवाय लाल खण, जांभळं छापील कापड यांचा रंग जातो. ओला पांढरा रुमाल कापडावर चोळून बघा, रुमाल गुलाबी झाला तर ते कापड बाजूला ठेवा. पुन्हा सांगते, आधी धुवा, मग कापा.

दुसरं म्हणजे माप. तान्ह्याच्या दुपट्याला छत्तीस इंच लांब, छत्तीस इंच रुंद पुरे. शाळेत जाणाऱ्या पोराला साडेतीन फूट बाय पाच फूट. मोठ्या माणसाला पाच फूट बाय साडेसात. यापेक्षा मोठी करू नका. धुताना गोधडी पाणी पिते, आणि पिळणारे हात आपलेच असतात.

आतल्या थराला नऊवारीसारखं दुसरं काही नाही. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. लुगड्याची चौपदरी घडी केली की दोन मीटर लांब आणि पन्ह्याएवढा रुंद असा चार थरांचा गाभा आयता मिळतो, कुठे जोड नाही की शिवण नाही. वर तुकड्यांची बाजू, खाली जुनं मऊ धोतर. धोतरावरून आठवलं. आमचे मामंजी एम्प्रेस मिलमध्ये होते. 1877 साली पहिल्या जानेवारीला जमशेटजी टाटांनी ती मिल सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. मामंजी हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, पाहुणा दुसऱ्यांदा आला तरी सांगायचे. त्यांची धोतरं मात्र अशी दणकट की मामंजी गेले त्याला कितीतरी वर्षं झाली, धोतरं अजून आमच्या गोधड्यांच्या पाठी सांभाळताहेत.

हल्ली लोक गुळगुळीत, केसाळ ब्लँकेटं आणतात. आणा बापडे. पण त्यात रात्री घाम येतो आणि पहाटे हात लावला की ठिणगी उडते. असं पांघरूण मला तरी नको.

तर थर अंथरले, सुरकुत्या काढल्या, की मधून कडेकडे कच्चा दोरा घाला. मधून कडेकडे. कडेकडून मध्ये आलात तर सगळा झोळ मध्यभागी जमतो आणि आयुष्यभर पोटाखाली टोचतो. दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्यात गाठी पडतात, आणि गाठी पडल्या की तोंडून शब्द पडतात. धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर. शेवटी गोट.

आणि नाव. नाव कापडावर साबणाच्या चिपेनं लिहून घ्या, धुतलं की खूण जाते. आपल्या अक्षरांची एक सोय आहे. आधी डोक्यावरची रेघ साखळी टाक्यानं सरळ घालून घ्यायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला लटकवायची. रेघ सरळ तर नाव सरळ. अक्षर दोन इंचांहून लहान नको, जोडाक्षराचा गुंता होतो. हे मी अनुभवानं सांगते आहे, कारण माझ्या पहिल्या नावाच्या गोधडीत ल ला ह जोडलेला होता.

ती गोष्ट आता सांगतेच. खरं तर तीच सांगायला आले आहे.

2012 साली आमच्याकडे पहिला नातू झाला. बाळाचं नाव मल्हार ठेवायचं असं सून सातव्या महिन्यापासून म्हणत होती. मुलालाही पसंत होतं. मी मनाशी म्हटलं, बारशाच्या दिवशी पाळण्यात नावाची गोधडी घालायची. कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. दुपारी सगळे झोपले की देवघराच्या खोलीत दार लावून शिवत बसायची. सासूबाईंचं आमसुली लुगडं आतल्या थराला, मुलाच्या लहानपणीच्या सदऱ्यांचे तुकडे वर, एका कोपऱ्यात तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल, चाकांसकट. आणि मधोमध लाल दोऱ्यानं मल्हार. तो ल्ह मी तीनदा उसवला. चौथ्यांदा असा उतरला की मीच त्याच्याकडे पाहत बसले.

बारशाला घर गच्च भरलं. मी सकाळपासून घुगऱ्यांच्या मागे. आता बारशाला केक कापतात, मेणबत्त्या फुंकतात. अहो, ज्याला मान धरता येत नाही तो फुंकणार काय? बारसं म्हणजे घुगऱ्या. रात्री भिजवलेले हरभरे, वरून खोबरं, किंचित गूळ. असो. तर मी घुगऱ्यांत असताना, म्हणजे आदल्या रात्रीपासूनच, बाहेरच्या खोलीत काहीतरी ठरत होतं. सुनेच्या आत्तेबहिणीच्या पोराचं नाव मल्हार निघालं. एका घरात दोन मल्हार नकोत म्हणून रात्री अकरा वाजता नाव बदललं. नवऱ्याला सांगितलं, नणंदेला सांगितलं, विहिणीला फोन केला. आजीला सांगायचं राहिलं. आजी घुगऱ्या भिजवत होती ना.

पाळणा सजला. बायका म्हणाल्या, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. बाळ पाळण्याखालून वर, वरून खाली झालं. मी संधी साधली. पिशवीतून गोधडी काढली आणि नाव सगळ्यांना दिसेल अशी पाळण्यावर उलगडून धरली. तोंडभर हसत. आणि त्याच क्षणी माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्यात वाकून त्याच्या कानात म्हणाली, कुर्र्र, अद्वैत!

बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, रीतीप्रमाणे. आणि मग एकेकीची नजर माझ्या हातांकडे गेली. सगळं घर गप्प. सून पांढरीफटक. आमचे हे तेवढ्यात म्हणाले, "कोणाचं नाव आहे ते?" या माणसाला गप्प बसायची वेळ आयुष्यात कळली नाही.

गोधडी घडी करून पिशवीत घालावी की तशीच धरून उभं राहावं, मला सुचेना. कोपऱ्यात खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "अवं, टाक नं बाई लेकराच्या अंगावर. थंडी का नाव इचारून येते?"

घर हसलं आणि मी सुटले.

रात्री मात्र झोप लागेना. चुकीच्या नावाची गोधडी पोरानं पांघरायची म्हणजे काय! उसवायला बसले, तर टाके इतके बारीक की आतलं लुगडं फाटू लागलं. शेवटी केशरी कापडाचा एक चांगला मोठा तुकडा घेतला, त्यावर अद्वैत लिहिलं आणि ते ठिगळ मल्हारवर बसवलं. द ला व जोडला तो आजही मला पटलेला नाही. डोक्यावरच्या दोन मात्रा तर दोन दिशांना जातात. पण नाव झाकलं गेलं. सुनेनं पाहिलं, काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः चहा करून आणला.

सहा वर्षं गेली. 2018 सालचा डिसेंबरचा शेवट तुम्हाला आठवत असेल. नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. संत्र्याच्या नगरीत माणसं संत्र्यासारखीच सोललेली वाटत होती. अद्वैतला नाताळची सुट्टी. साहेब दिवसभर गोधडीत. आणि गोधडीत रिकामं पोर काय करतं? बोटं चालवतं. ठिगळाचा एक टाका सैल होता. त्यानं तो ओढला, मग पुढचा ओढला. दुपारी स्वयंपाकघरात येऊन मला विचारतो,

"आजी, मल्हार कोण?"

हातातली पोळी तव्यावरच राहिली. मी म्हटलं, "तुझंच नाव होतं रे ते, आधीचं." त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "नाही. माझं नाव वर आहे. तो खाली आहे. तो आत राहतो."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात एक माणूस वाढला. दूध सांडलं मल्हारनं. पाढे मल्हारनं विसरले. मामंजींच्या फोटोला मिशीवर मिशी काढली ती मल्हारनं. तान्ह्या पोळ्याला घरोघरी लाकडी बैल घेऊन गेला, की अद्वैत प्रत्येक दारात दोन वेळा हात पुढे करायचा. एक बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, माझा, एक मल्हारचा. शेजारणी द्यायच्याही. सून कपाळाला हात लावायची. मी आत जाऊन हसायची.

ठिगळाची ती बाजू मी परत शिवली नाही. तिथे एक कळ, म्हणजे दाबायचं बटण, लावून दिली. कळ उघडली की मल्हार, लावली की अद्वैत.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून राहिलेलं भरभर सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सैल पांघरूण घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, नाकातोंडावर जायची भीती असते. म्हणून तान्ह्याचं दुपटं जागेपणी, खाली खेळवायला आणि मांडीवर घ्यायला. त्याला बटण, मणी, आरसे काही लावू नका, पोरं तोडून तोंडात घालतात. कळसुद्धा नाही. आमच्या गोधडीला ती सहाव्या वर्षी लागली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी दोनच थर, वजन नको, आणि नावाऐवजी त्यांच्या ओळखीचं कापड. हॉस्टेलला जाणाऱ्या पोरांच्या गोधडीवर नाव आतल्या बाजूनं घाला, त्यांना मित्रांची लाज वाटते. आणि तान्ह्याची गोधडी करत असाल तर नावाची जागा रिकामी सोडा. चौकोन आखा, रेघ घाला, अक्षरं नको. पुन्हा सांगते, बारसं झाल्याशिवाय अक्षरं नको.

यंदा धाकट्या मुलाला मुलगी झाली आहे. पुढच्या महिन्यात बारसं. नाव काय ठेवणार ते मला फोनवर दोनदा सांगून झालं आहे. मी हो हो म्हटलं आणि चौकोन रिकामा ठेवला. अद्वैत परवा शेजारी येऊन बसला होता. आता ओठावर लव फुटते आहे त्याच्या. सुईत दोरा ओवून दिला, माझ्याच्यानं आता ओवला जात नाही. मग हळूच म्हणाला, "आजी, हिच्या गोधडीत खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, मल्हार लिहिशील?"

मी हो म्हटलं आहे. सुनांना अजून सांगितलेलं नाही. त्या ऐकत नसतील तर बरं.

नमस्कार.