पायाखालचा चेहरा

(पडदा काळा. फक्त लाटांचा आवाज. मग पितळी पट्टी, अगदी जवळून.)

ही पट्टी नीट पाहा. पितळेची आहे. मधोमध येशू. अंगाचा उंचवटा हाताला लागेल असा आहे, पण चेहरा गुळगुळीत झालाय. नाक कुठे, डोळे कुठे, सांगता येत नाही. पायांनी झिजवलाय तो.

जपानीत हिला फुमि-ए म्हणतात. तुडवायचं चित्र.

1614 मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, राजवटीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. लपून भक्ती करणारे ओळखायचे कसे? नागासाकीत दरवर्षी नववर्षाच्या सुरुवातीला अधिकारी घरोघर जात. चित्र जमिनीवर ठेवायचं आणि घरातल्या प्रत्येकाने त्यावर पाय द्यायचा. म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनीसुद्धा. तान्ह्या मुलांची पावलंही आया त्यावर टेकवत. आधीची चित्रं झिजून जात, म्हणून 1669 मध्ये पितळेच्या 20 पट्ट्या ओतून घेतल्या. त्यातल्या 19 आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. दोनशेहून अधिक वर्षं हे चाललं. इतकं अंगवळणी पडलं की चित्र तुडवण्याचा तो सोहळा हायकूमध्ये वसंत ऋतूची खूण होऊन बसला.

(लाकडी चौकट. कॅमेरा हळूहळू खाली येतो.)

आता ही चौकट. शुसाकू एंडो या कादंबरीकाराने नागासाकीत असंच एक फुमि-ए पाहिलं. चित्राभोवतीच्या लाकडावर काळपट डाग होते. पायाच्या अंगठ्यांचे.

ते डाग एंडोंच्या मनातून गेले नाहीत. हे पाय कुणाचे? पाय देताना त्या माणसाला काय वाटलं असेल? आणि मी तिथे असतो, तर?

शेवटचा प्रश्न त्यांना फार जवळचा होता. 1923 चा जन्म. आईवडील वेगळे झाले, आई मुलांना घेऊन कोबेला आली, चर्चमध्ये जाऊ लागली. तिच्यासाठी या मुलाने बाप्तिस्मा घेतला. पुढे ते म्हणत, आईने मला अंगाला न बसणारा पाश्चात्त्य सूट चढवला. तो टाकूनही देता येईना, म्हणून आयुष्यभर उसवून शिवत बसलो. मग क्षयाने गाठलं. फुफ्फुसावर एकामागून एक तीन शस्त्रक्रिया, शेवटची 1961 च्या डिसेंबरात. मोठं दुखणं काढून उठलेला माणूस त्या चौकटीपुढे उभा होता, हे विसरू नका.

श्रद्धा आणि यातनांवरच्या प्रेरक कादंबऱ्यांची एक ओळखीची वाट असते. संकट कोसळतं, माणूस डगमगतो, तरी धरून ठेवतो, आणि अखेर त्याची हाक ऐकली जाते. अशा पुस्तकांनी कितीतरी जणांना काळरात्री सोबत केली आहे, मी त्यांना कमी लेखणार नाही. पण ज्याच्या हाकेला ओ आलीच नाही, त्याने काय वाचायचं? जो मोडला, ज्याने पाय दिला, त्याची गोष्ट कोण सांगणार?

इतिहासानेही ती सांगितली नव्हती. प्राण देणाऱ्यांची नावं नोंदली गेली, हुतात्मे झाले, संत झाले. पाय देऊन घरी परतलेल्यांबद्दल कुणी बोलेना. एंडोंना कादंबरीत त्यांनाच बोलतं करायचं होतं.

(जुने नकाशे, हस्तलिखितं.)

कागदपत्रांत त्यांना क्रिस्टोव्हाव फेरेरा सापडला. पोर्तुगीज पाद्री, जेझुइट या कॅथलिक संघाचा, वीसहून अधिक वर्षं जपानात. 1633 मध्ये त्याला खड्ड्यात उलटं टांगलं आणि काही तासांत त्याने धर्म सोडला. दहा वर्षांनी आलेला इटालियन पाद्री ज्युसेप्पे किआराही मोडला. एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, नजरकैदेत जगला आणि 1685 मध्ये तिथेच वारला. एंडोंच्या नायकाचा साचा हाच. त्याच्याभोवती घोटाळणारा किचिजिरो मात्र त्यांनी मनाने रचला. हा पुन्हा पुन्हा चित्र तुडवतो, पुन्हा पुन्हा रडत क्षमा मागायला येतो. किचिजिरो म्हणजे मीच, असं एंडो सांगत.

कादंबरीतल्या त्या रात्री पाद्री कोठडीत आहे. बाहेरून घोरल्यासारखा आवाज येतो. ते घोरणं नाही, खड्ड्यात टांगलेल्या शेतकऱ्यांचं कण्हणं आहे. हे त्याला कळतं आणि आपला देव गप्प का, हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकातला राहत नाही. पहाटे पायाशी पट्टी ठेवली जाते. पायदळी झिजलेला तो चेहरा त्याच्याशी बोलतो: तुडव. तुडवून घेण्यासाठीच मी आलो आहे. यातना थांबवणारा देव इथे नाही, खाली पडलेल्याच्याही खाली जाऊन पडलेला देव आहे. मला यापेक्षा मोठा दिलासा कुठल्याही कादंबरीत सापडलेला नाही.

पुस्तक 1966 मध्ये आलं. नाव ‘चिन्मोकु’, म्हणजे मौन. त्याच वर्षी तानिझाकी हा जपानी साहित्य पुरस्कार मिळाला. काही कॅथलिक धर्मगुरूंचा रोषही झाला.

(वाराणसी. पहाटेचा घाट.)

हा घाट आपल्या ओळखीचा. 1993 च्या कादंबरीत एंडो इथे आले. त्यातला ओत्सु हा जपानी ख्रिस्ती माणूस, चर्चमध्ये कुठेच न बसलेला. रस्त्यात पडलेली मरणासन्न माणसं पाठीवर घेऊन तो गंगेपर्यंत चालतो. त्या पाठीकडे पाहताना मला चौकटीवरचे डाग आठवतात. भार वाहणारा बदललाय, एवढंच.

1996 मध्ये एंडो गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे ‘चिन्मोकु’ आणि वाराणसीची ही कादंबरी, ही दोन पुस्तकं शवपेटीत ठेवली गेली.

(सोतोमे. कड्यावरून समुद्र.)

नागासाकीजवळचं सोतोमे. लपून भक्ती करणाऱ्यांचा हा किनारा. इथल्या शिळेवर एंडोंचे शब्द कोरले आहेत. प्रभूला उद्देशून ते म्हणतात, माणूस इतका दुःखी असताना हा समुद्र इतका निळा कसा.

पुढची दोन मिनिटं निवेदन नाही.

(लाटांचा आवाज.)