जागा एक, वाटा अनेक

(दृश्य: लाकडी खण बाहेर ओढला जातो. बोटं तालिकापत्रं चाळतात.)

साडेबारा सेंटिमीटर रुंद, साडेसात उंच. तालिकापत्राचं, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकाची नोंद ज्यावर असते त्या कार्डाचं, हे माप जगभर एकच. खालच्या कडेला मधोमध भोक आणि त्यातून खणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली सळई. पत्रं चाळता येतात, उपसता येत नाहीत. कितीही हातांखालून गेली तरी क्रम शाबूत.

कोल्हापूरला ग्रंथालय नवं नाही. करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवात 1850 ची. आपला विषय मात्र वेबसाइट. माहिती कुठे ठेवायची, तिला नाव काय द्यायचं आणि माणूस तिथवर पोहोचणार कसा, हे ठरवण्याच्या कामाला इन्फर्मेशन आर्किटेक्चर म्हणतात. साधं म्हणायचं तर मांडणी. रिचर्ड सॉल वुर्मन या वास्तुविशारदाने 1976 च्या सुमारास हा शब्दप्रयोग पुढे आणला. काम त्याच्या कितीतरी आधीपासून चाललेलं आहे. ते करणाऱ्यांनी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेतलं नाही, इतकंच.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर नमुना वेबसाइट.)

साखर कारखान्याच्या वेबसाइटचा हा एक नमुना. वरच्या पट्टीत शेती विभाग, लेखा विभाग, उत्पादन, प्रशासन, संचालक मंडळ. कार्यालयात दारांवर ज्या पाट्या असतात, त्याच इथे आणून लावल्या. सभासद शेतकऱ्याचे प्रश्न वेगळे. ऊसनोंद झाली का? तोड कधी येणार? बिल कधी जमा होणार? तोडीचं शेती विभाग बघतो आणि बिलाचं लेखा विभाग, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

(दृश्य: फळ्या. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे.)

ग्रंथपालापुढे हाच पेच कधीचा उभा आहे. ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धत 1876 ची. तीत ऊस पिकवण्याचं पुस्तक 633.61 वर जातं, साखर तयार करण्याचं 664.1 वर, सहकारी संस्थांवरचं 334 वर. मग सहकारी साखर कारखान्यावरचं पुस्तक कुठे ठेवणार? ते एका वेळी एकाच फळीवर उभं राहू शकतं. ग्रंथपाल एक वर्गांक ठरवतो, पुस्तक तिथे लावतो, आणि मग तालिकेत त्याच एका पुस्तकाची चार-पाच पत्रं घालतो. एक लेखकाच्या नावाचं, एक शीर्षकाचं, एक साखर उद्योगाचं, एक सहकाराचं. फळीवरची जागा सांगणारा बोधांक सगळ्यांवर तोच. कुठल्याही खणातून शिरा, पोहोचता त्याच फळीशी.

वेबसाइट करणाऱ्यांनी फळी तेवढी उचलली आणि तालिका मागे ठेवली.

खणात आणखी एक प्रकार असतो, त्यावर पुस्तकाचं नावच नसतं. ‘शर्करा: पाहा साखर.’ एवढंच. त्याच्या पलीकडे ‘साखर: गूळ हेही पाहा.’ पहिलं पत्र वाचकाच्या शब्दाला ग्रंथालयाच्या शब्दापर्यंत आणून सोडतं, दुसरं शेजार दाखवतं. वेबसाइटच्या शोधपेटीला हीच पत्रं लागतात. शेतकरी ‘बिल’ लिहितो, ‘पेमेंट’ लिहितो, ‘एफआरपी’ (उसाचा सरकारी किमान दर) लिहितो. पानावर शब्द असतो ‘देयक’. शोध रिकामा परत येतो. उपाय फुकटातला आहे. कार्यालयात फोन घेणाऱ्या माणसाजवळ वही ठेवायची आणि विचारणाऱ्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा टिपायचा. महिन्याभरात ‘पाहा’ पत्रांची यादी हातात येते. त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द शीर्षक होतो, उरलेले शोधपेटीच्या मागे जातात.

(दृश्य: टेबलावर पाच रंगांच्या चिठ्ठ्या.)

एस. आर. रंगनाथन. जन्म 1892, तमिळनाडू. मूळचे गणिताचे प्राध्यापक, 1924 पासून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. लंडनला ग्रंथालयशास्त्र शिकायला गेले असताना त्यांनी एका दुकानात मेकॅनो हे खेळणं पाहिलं. पट्ट्या त्याच, नट-बोल्ट तेच, जोडणी बदलली की वस्तू वेगळी. 1933 मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. तयार खाने करून ठेवण्याऐवजी विषयाचे पैलू सुटे करायचे आणि लागतील तसे जोडायचे. पैलू पाच: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश, काल.

समजा एका माहितीपत्रकाचं नाव आहे ‘शिरोळ तालुक्यातील आडसाली उसावरील लोकरी माव्याचे नियंत्रण, हंगाम 2023-24’. ऊस हे व्यक्तित्व, म्हणजे विषयाची मुख्य वस्तू, नियंत्रण ही क्रिया म्हणजे ऊर्जा, शिरोळ अवकाश, हंगाम काल. लोकरी मावा ही कीड कशात धरायची यावर ग्रंथपाल तासभर वाद घालतील. घालू देत. वेबसाइटला एवढं पुरतं की प्रत्येक कागदावर चार गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवल्या जाव्यात: कशाबद्दल, काय करायचं, कुठलं गाव, कुठला हंगाम.

इथे हमखास चुकतं ते असं. एकाच यादीत चार पैलू कोंबले जातात. ‘आडसाली, खोडवा, शिरोळ, 2023-24, अर्ज.’ शिरोळचा खोडव्याचा अर्ज आता कुठे शोधायचा? तिन्ही ठिकाणी असू शकतो, म्हणून तिन्ही ठिकाणी बघावा लागतो. लागणीच्या प्रकारांची यादी वेगळी हवी: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. तालुक्यांची वेगळी, जिल्ह्यात बारा आहेत. गावांच्या यादीत ‘कसबा बावडा’ क मध्ये जातो आणि माणूस ‘बावडा’ म्हणून ब मध्ये बघतो, तेव्हा नोंद दोन्हीकडे हवी. आणि संगणकाचा वर्णक्रम आपल्या पाटीवरच्या क्रमाशी जुळेलच असं नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, तर आपण तो ह नंतर शिकलो. कुठलाही क्रम धरा, पण सगळ्या याद्यांत तोच.

(दृश्य: कापडात बांधलेले रुमाल. एकाची गाठ सुटते. मोडीतले कागद.)

आता दप्तरखाना.

कापडात बांधलेल्या या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. पत्ता सांगायचा तर रुमाल क्रमांक, पुडके क्रमांक, कागद क्रमांक. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं असेल तर अर्ज, पाटलाचा जबाब आणि वरून आलेला हुकूम एकापाठोपाठ एकाच पुडक्यात सापडतात. उत्साही माणसाने विषयवार लावायला घेतलं, पाण्याचे कागद इकडे, जमिनीचे तिकडे, की कुठल्या अर्जावर कुठला हुकूम झाला हे कायमचं गेलं. म्हणून अभिलेखपाल कागदांचा मूळ क्रम हलवत नाही आणि एका कचेरीचे कागद दुसरीच्या कागदांत मिसळत नाही. यातला दुसरा दंडक, कचेऱ्यांचे कागद न मिसळण्याचा, फ्रान्समध्ये 1841 साली सरकारी परिपत्रकाने घालून दिला. विषय, गाव, माणसाचं नाव यांच्या सूच्या वेगळ्या वहीत होतात. रुमाल तसाच.

पुन्हा तेच. जागा एक, वाटा अनेक.

या कागदाची तारीख बघा. मोडी कागदांवर जुन्या कालगणना: शक असेल, फसली असेल किंवा शुहूर. शकात 78 मिळवले की इसवी सन, जानेवारीपासून चैत्रापर्यंत 79. फसलीत 590 किंवा 591. शुहूरमध्ये 599 किंवा 600. सूचीकार मूळ तारीख खोडत नाही, शेजारी इसवी सन लिहितो. कारखान्याच्या वेबसाइटवर हाच घोळ आजच्या कपड्यात आहे. अहवाल आर्थिक वर्षाचा, एप्रिल ते मार्च. गळीत हंगाम दोन इंग्रजी वर्षांत पसरलेला. परिपत्रकावर नुसती तारीख. तिघांनाही ‘2023-24’ म्हटलं की गोंधळ ठरलेला. रकाने दोन करा, एक हंगामाचा आणि एक आर्थिक वर्षाचा. तारीख कागदावर आहे तशी राहू द्या.

(दृश्य: उद्यमनगर. फौंड्री. ओतकाम. ठिणग्या.)

शिवाजी उद्यमनगरातली फौंड्री. कॅमेरा ओतकामावर रेंगाळतो, साहजिक आहे. आपल्या कामाची जागा मात्र त्यामागची ही खोली, पॅटर्न स्टोअर.

वाळूचा साचा करायला जो नमुना लागतो तो पॅटर्न. लाकडाचा, ॲल्युमिनियमचा किंवा रेझिनचा. तो वस्तूपेक्षा थोडा मोठाच करतात, कारण धातू थिजून थंड होताना आकसतो. बिडाला साधारण मीटरमागे 10 मिलिमीटर, पोलादाला जवळजवळ दुप्पट. त्यामुळे बिडासाठी केलेल्या पॅटर्नमध्ये पोलाद ओतलं तर कास्टिंग लहान निघतं. नजरेला दोन्ही पॅटर्न सारखेच दिसतात. म्हणून पॅटर्नवर धातूचं नाव ठोकलेलं असावं लागतं, आणि त्याबरोबर ग्राहकाचा पार्ट नंबर, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, कोअर बॉक्स किती, लूज पीस म्हणजे पॅटर्नचे सुटे तुकडे किती.

पोकळ भागासाठी वाळूचा कोअर करतात, तो ज्यात बनतो तो कोअर बॉक्स. आता चूक कशी होते ते बघा. ग्राहकाने ड्रॉइंग बदललं, एका भोकाचा व्यास वाढला. पॅटर्न तोच राहिला, नवा कोअर बॉक्स आला. जुना फेकायला कुणाचा हात होत नाही. वर्षभराने ऑर्डर आली, नव्या माणसाने रॅकवरून पॅटर्न घेतला आणि शेजारी दिसला तो कोअर बॉक्स उचलला. मोल्डिंगला काही कळत नाही, ओतताना कळत नाही. कळतं ते मशीनिंगला, आख्खा लॉट ओतून झाल्यावर.

चांगल्या स्टोअरमध्ये यावर नियम आहेत. पॅटर्न आणि त्याचे कोअर बॉक्स एकाच रॅकवर, एकाच नंबराखाली. बाहेर काढताना कार्डावर सगळे सुटे भाग मोजून सही, परत ठेवतानाही. रिव्हिजन बदललं की जुन्या कोअर बॉक्सवर फुली मारून तो वेगळ्या खोलीत. भिंतीवरचा हा रंगांचा तक्ताही बघून ठेवा. मशीनिंग होणारा पृष्ठभाग कुठल्या रंगात, कोअर प्रिंट म्हणजे कोअर टेकण्याची जागा कुठल्या, याची रूढी सगळीकडे एक नाही. पॅटर्न बाहेरून करून आला असेल तर रंगांचा अर्थ उलटाही निघू शकतो. म्हणून तक्ता डोक्यात ठेवत नाहीत, भिंतीवर लावतात. वेबसाइटवर हिरव्या-लाल ठिपक्यांनी ‘मंजूर-नामंजूर’ दाखवणाऱ्यांनी त्या ठिपक्यांशेजारी शब्दही लिहावेत. रंग न ओळखणारी माणसंही वेबसाइट बघतात.

आणि रॅकचा नंबर? तो ग्राहकावरून देत नाहीत. ग्राहक वाढतात, आटतात, दुसऱ्या कंपनीत विलीन होतात; दरवेळी खोली कोण हलवणार? रॅकला आपला साधा क्रमांक, आणि ग्राहकवार, पार्टवार, धातूवार शोध रजिस्टरमध्ये. पानाच्या पत्त्यात विभागाचं नाव घालणाऱ्यांनी इथे थोडा वेळ उभं राहावं. विभागाचं नाव बदललं की त्यांच्या सगळ्या लिंका मेल्या.

(दृश्य: अंबाबाई मंदिर. ड्रोनमधून चारही दरवाजे.)

मंदिराला चार बाजूंनी चार दरवाजे. पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, आणि पूर्वेचा नि दक्षिणेचा. बिंदू चौकात गाडी लावून भवानी मंडपातून आलेला माणूस पूर्वेकडून शिरतो, महाद्वार रोडने आलेला समोरून. ज्या दरवाजाशी चपला काढल्या, दर्शन घेऊन बाहेर पडताना तोच दरवाजा समोर येईल याची खात्री नाही. आत फिरल्यावर दिशा सुटते. बाहेरगावचा भाविक कुठे उभा राहून इकडेतिकडे बघतो, ते नीट पाहा: दोन वाटा फुटतात तिथे. पाटी तिथेच लागते. दहा पावलं पुढे लावून उपयोग नाही.

केव्हिन लिंच या नगररचनाकाराने 1960 मध्ये मांडलं की माणसं शहर पाच गोष्टींनी लक्षात ठेवतात: वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणा. पंचगंगा ही कडा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ हे विभाग. पापाची तिकटी हे नाकं. टाऊन हॉल ही खूण. वेबसाइटवर येणारी बहुतेक माणसं मुखपृष्ठावरून येत नाहीत. गुगलवरून, व्हॉट्सॲपवरून थेट आतल्या पानावर उतरतात, म्हणजे कुठल्याही दरवाजाने. म्हणून प्रत्येक पानावर संस्थेचं नाव, आपण कुठल्या विभागात आहोत आणि वर जायची वाट दिसली पाहिजे.

(दृश्य: सभागृह. टेबलावर कार्डं. माणसं गठ्ठे लावताहेत.)

सगळ्यात स्वस्त अवजार हे. तीस ते साठ कार्डं, प्रत्येकावर वेबसाइटवरची एक गोष्ट, मागे क्रमांक. पंधराएक माणसं, एकेकटी. दर माणसाला कार्डं पिसून द्यायची, थोडी कोरीही. जे एकत्र वाटतं त्याचा गठ्ठा, आणि गठ्ठ्याला नाव त्यांनीच द्यायचं. सूचना कमीत कमी.

एक फसगत नेहमीची. ‘ऊस नोंद’, ‘ऊस दर’, ‘ऊस वाहतूक’ अशी कार्डं दिली की माणसं ‘ऊस’ हा शब्द बघून गठ्ठा लावतात, अर्थ बघत नाहीत. सारखे शब्द आधी काढून टाका.

मग उलटी तपासणी. रंग नाही, चित्र नाही, नुसती मेन्यूची झाडासारखी उतरंड. काम द्यायचं: ‘मागच्या पंधरवड्यात घातलेल्या उसाचे पैसे किती आले ते शोधा.’ कामाच्या वाक्यात मेन्यूतला शब्द येऊ द्यायचा नाही, नाहीतर ती शब्दांची जुळवाजुळव होते. पहिली टिचकी कुठे पडली ते नोंदवा. तिथेच बहुतेक निकाल लागतो.

दुसऱ्या शास्त्राकडून घेतलेलं सगळंच नीट घेतलं जातं असं नाही. ‘मेन्यूत सातपेक्षा जास्त पर्याय नकोत’ असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा 1956 चा निबंध लक्षात ठेवण्याच्या मर्यादेबद्दल होता. मेन्यू समोर दिसत असतो, तो पाठ करायचा नसतो. बारा तालुके बाराच दाखवा.

एवढं झालं की कार्यालयातले फोन आणि खेटे कमी होतात.

(दृश्य: पडद्यावर परिपत्रकांची यादी.)

राहिलं जुन्या पानांचं. प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस आणि पुन्हा तपासायची एक तारीख. रद्द झालेलं परिपत्रक पुसायचं नाही. त्यावर ठळक ‘रद्द’ लिहायचं, तारीख टाकायची आणि नव्याची लिंक त्याच पानावर द्यायची, कारण जुनी लिंक गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतच राहते.