कोठीला लागलेलं कुलूप

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं गाव गिरणेच्या काठचं, घर धाब्याचं. उन्हाळ्यात आम्ही सगळे धाब्यावर झोपायचो. रात्री केव्हाही जाग आली की माझी माय या कडेपासून त्या कडेपर्यंत फेऱ्या मारताना दिसायची. विचारलं तर म्हणायची, "पायस्मा कसंतरी व्हस." दुखतं का? नाही. मुंग्या येतात का? तशाही नाही. आत पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. चाललं की बरं वाटतं, आडवं पडलं की पुन्हा सुरू. पहाटे कुठे तिचा डोळा लागायचा, आणि तासाभरात शेतावर जायची वेळ व्हायची.

पुढे मी परिचारिका झाले, तेव्हा या दुखण्याचं नाव कळलं. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं, आणि स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी १९४५ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. आजार इतका जुना, तरी आपल्याकडे त्याला वात म्हणतात, अशक्तपणा म्हणतात, आणि बाईला असेल तर मनाचे खेळ म्हणतात. म्हणून आधीच सांगते, हा मेंदूतल्या रसायनांचा आणि लोहाचा आजार आहे. त्याची ओळख चार खुणांवरून पटते: पाय हलवायची अनावर ओढ, बसल्या-पडल्या वाढणं, हालचालीने उतरणं, आणि संध्याकाळनंतर जोर धरणं.

आज बोलायचंय ते ऑपरेशननंतर हा आजार कसा उसळतो त्याबद्दल. हे मी वॉर्डात खूप वेळा पाहिलं होतं. पण समजलं मायचा गुडघा बदलला तेव्हा.

पहिली रात्र भुलीच्या गुंगीत गेली. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला मला आवाज आला. ऑपरेशन न झालेल्या पायाची टाच ती गादीवर घासत होती. खाली, वर, खाली, वर. चादर गोळा होऊन खालचं रबर उघडं पडलं होतं, आणि टाच लाल झाली होती. ऑपरेशनचा पाय हलवता येत नव्हता, तर त्या बाजूची मूठ ती गच्च आवळून धरत होती. "माले उभी कर," एवढंच म्हणत होती. संध्याकाळी तिला मळमळ झाली म्हणून उलटीचं इंजेक्शन दिलं होतं. त्यानंतर तासाभरात हे सुरू झालं. ड्यूटीवरच्या मुलीने चांगल्या मनाने आणखी एक इंजेक्शन दिलं, झोप यावी म्हणून, ॲलर्जीवर देतात त्यातलं. माय सकाळपर्यंत तळमळत राहिली.

ती दोन्ही औषधं मी स्वतः आयुष्यभर देत आले होते. उलटीचं मेटोक्लोप्रमाइड मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचं काम अडवतं. या आजारात डोपामिनचंच गणित आधीपासून बिघडलेलं असतं. आणि झोप आणणारी ॲलर्जीची औषधं, म्हणजे प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामिन, पायांची वळवळ वाढवतात. क्लोरफेनिरामिन तर सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत असतं. मेडिकलवरून सर्दीची गोळी घेतली आणि रात्र जागून काढली, असं तुमच्यापैकी कोणाचं होत असेल तर पाकिटावरचं नाव वाचा. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉनसारखं दुसरं औषध असतं, ते या आजारात सहसा चालतं.

पण औषधांचा भाग त्या मानाने सोपा, बदलता येतो. खरी गोष्ट लोहाची आहे.

डोपामिन तयार करणाऱ्या यंत्रणेला लोह लागतं. या रुग्णांच्या मेंदूत लोह कमी पडतं, आणि कधी कधी रक्तातलं हिमोग्लोबिन अगदी चांगलं असतानाही पडतं. आता ऑपरेशन म्हटलं की रक्त जातंच. एक मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. अर्धा लिटर रक्त गेलं की अडीचशे मिलिग्रॅम लोह गेलं. आणि आतडं दिवसाला शोषून घेतं ते साधारण एक-दोन मिलिग्रॅम! कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी जरूर खा, वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा पिऊ नका. पण एवढी मोठी तूट ताटातून पटकन भरून निघत नाही.

त्यात भर पडते सुजेची. सूज म्हणजे फक्त टाक्यांभोवतीची लाली नव्हे. कापलेली जागा सांधण्यासाठी सगळं शरीर कामाला लागतं, आणि रक्तातली सुजेची खूण, जिला सीआरपी म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जाते. त्या वेळी यकृत हेप्सिडिन नावाचं एक द्रव्य सोडतं. गावात चोऱ्या व्हायला लागल्या की आपण धान्याच्या कोठीला कुलूप लावतो ना, तसं हे हेप्सिडिन लोहाच्या साठ्याला कुलूप लावतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, ते त्यांच्या हाती पडू नये म्हणून शरीराने केलेली ही सोय. पण कुलूप लागलं की घरच्यांनाही दाणा मिळत नाही. पेशींत साठलेलं लोह बाहेर येत नाही, आणि गोळी घेतली तरी आतडं ते आत सोडत नाही.

आणि इथेच रिपोर्ट फसवतो. लोहाचा साठा मोजायला फेरिटिन तपासतात. सूज असली की फेरिटिन वाढतं, लोह कमी असलं तरी वाढतं. मायचं ऑपरेशनआधी अठ्ठावीस होतं. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी एकशे चाळीस आलं. आम्हाला सांगितलं, "लोह भरपूर आहे, गोळ्या बंद करा." माय तेव्हा रात्री दोन तासही झोपत नव्हती. वॉकर धरून घरभर फिरायची, नवा गुडघा सुजायचा, सूज आली की पुन्हा पाय. शेवटी एका फिजिशियनने सीआरपी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे ते, या दोन तपासण्या सोबत केल्या. सॅच्युरेशन अकरा टक्के निघालं. वीसच्या खाली म्हणजे कमी. कोठी मोजली होती, कुलूप कोणी पाहिलंच नव्हतं.

ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी, आणि लोहाची गोळी आदल्या दिवसापासून थांबवावी. दुसरं म्हणजे, लॅबच्या कागदावर फेरिटिन वीस-तीस आलं तरी ते "नॉर्मल" छापलेलं असतं. ते इतरांसाठी. या आजाराच्या मोठ्या माणसात फेरिटिन पंचाहत्तर किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. तोंडाने पुरत नसेल तर सलाइनमधून, दवाखान्यातच, लक्ष ठेवून देतात.

पण एक विनंती आहे, आणि ती मी नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा, शिरपूरकडच्या ऐकणाऱ्यांना हात जोडून करते. आपल्या सातपुड्याच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या माणसात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. म्हणून माझं ऐकून कोणी दुकानातून लोहाच्या गोळ्या आणू नका. आधी तपासणी, मग गोळी.

पुष्कळ जण विचारतात, ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस पाय शांत होते, मग चौथ्या-पाचव्या दिवशीच एकदम का बिघडले? त्याचंही कारण आहे. सुरुवातीला वेदनेसाठी जी जोराची औषधं देतात, अफूच्या वर्गातली, ती या पायांनाही शांत ठेवतात. ती थांबली की पाय दुप्पट जोराने उसळतात. घरच्यांना वाटतं, आता दुखत नाही तर ही नाटकं कसली. नाटकं नाहीत हो. त्या माणसाला त्या रात्री खरंच जीव नकोसा होतो. अशा वेळी पोटऱ्या चोळून द्या, गरम किंवा गार शेक द्या, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर धरून चार पावलं चालवा. घोटे वर-खाली करायला लावा. आणि औषध एका झटक्यात थांबवायचं की हळूहळू कमी करायचं, ते डॉक्टरांना विचारा.

ज्यांना या आजाराची गोळी आधीपासून चालू आहे, त्यांनी ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहायचं म्हणून ती आपल्या मनाने चुकवू नये. घोटभर पाण्यासोबत घ्यायची का, हे भूलतज्ज्ञाला आधी विचारायचं. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्या अचानक बंद झाल्या तर पायच काय, हातही वळवळायला लागतात.

आणि हे विसरू नका. ऑपरेशननंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर ती वळवळ नव्हे. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. तेव्हा रात्र काढायची नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

मायचा दुसरा गुडघा कानबाईचे रोट, म्हणजे आमचा श्रावणातला सण, झाल्यावर करायचं ठरलं. या वेळी दोन महिने आधी तपासण्या केल्या, सलाइनमधून लोह घेतलं. भूलतज्ज्ञांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कोणती इंजेक्शनं द्यायची नाहीत ते लाल शाईने फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलं. दुसऱ्या रात्री मी खुर्चीत बसून टाचेच्या आवाजाची वाट पाहत होते. दोन वाजता थोडी चुळबुळ झाली. मी पोटरी चोळली, पंधरा-वीस मिनिटं. मग ती शांत झाली आणि माझाही डोळा लागला.

सकाळी वॉर्डात चहा आला तेव्हा मायने मला हलवून उठवलं. म्हणाली, "रातले झोप लागनी."