हुकमी भूकंप

[दृश्य: मोठ्या शेडमध्ये शेजारी शेजारी दोन लाकडी घरं]

निवेदन: जपान. ह्योगो प्रांतातलं मिकी शहर, नोव्हेंबर २००५. दोन जुनी दुमजली घरं, एकाच धाटणीची, एकाच पोलादी मंचावर. एकाच्या भिंतींना मजबुती दिली आहे. दुसरं जसं होतं तसंच.

[दृश्य: चाचणी, मूळ आवाजासह. मजबुती नसलेलं घर कोसळतं, दुसरं उभं राहतं. निवेदन नाही.]

निवेदन: हे पाहून सगळे बोलतात ते पडलेल्या घराबद्दल. आपण बोलू त्याच्या खालच्या मंचाबद्दल.

हे शेक टेबल, म्हणजे भूकंपासारखा हलवता येणारा मंच. वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. बाराशे टनांपर्यंतची इमारत पेलून हलवतं. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे कोबे हादरलं. सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक पडलेल्या घरांखाली. त्यानंतर दहा वर्षांनी हे केंद्र सुरू झालं. नाव, ई-डिफेन्स.

[दृश्य: संगणकावर भूकंपाचा आलेख]

या घरांना दिलेला धक्का त्याच पहाटेचा आहे, कोबेतल्या ताकातोरी रेल्वे स्टेशनवर नोंदलेला. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयना धरणातल्या यंत्राने अशीच नोंद टिपली, आणि जगभरचे धरण अभियंते ती अजून वापरतात. नोंदच नसती, तर टेबलाला हलायला सांगणार तरी कसं?

पण नोंद असून भागत नाही. तिच्यात असतं त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलला ते. टेबल ढकलणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकला हवं असतं अंतर: या क्षणी इथे, पुढच्या क्षणी तिथे. म्हणून त्वरणावरून वेग काढायचा, वेगावरून अंतर. नोंदीतली बारीकशी चूक या दोन पायऱ्यांत फुगत जाते. ते आकडे तसेच दिले, तर भूकंप संपेपर्यंत टेबल शेजारच्या तालुक्यात जायला निघेल! प्रत्यक्षात आडवं सरकायला दोन्ही बाजूंना मिळतो एकेक मीटर. म्हणून फार संथ लहरी आधीच गाळून टाकतात.

[दृश्य: मंचाखाली, जाडजूड जॅकच्या रांगा]

आता खाली चला. लांबीच्या दिशेला पाच जॅक, रुंदीच्या दिशेला पाच, आणि खालून उचलणारे चौदा. एकूण चोवीस. टेबलाच्या हालचाली मात्र सहाच: तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती फिरणं. म्हणजे एकाच गाडीला चोवीस बैल. एकाने जरा आधी ओढलं, दुसऱ्याने उशिरा, की सगळा जोर टेबल पिळण्यातच जातो. म्हणून प्रत्येक जॅकमधला दाब सतत मोजायचा आणि त्यांची आपसातली ओढाताण मोडून काढायची. हे काम माणसाच्या हाताचं नाही. एका सेकंदात शेकडो वेळा नियंत्रक मोजतो, ताडून पाहतो आणि सर्व्हो व्हॉल्व्हला, म्हणजे तेलाचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, नवा हुकूम देतो. व्हॉल्व्ह किंचित उघडतो, तेल धावतं, जॅक सरकतो. तेल दाबलं जात नाही, असं आपण शाळेत शिकलो. एवढ्या जोराखाली तेही दबतं आणि उसळतं, आणि त्या उसळीचाही हिशोब धरावा लागतो.

[दृश्य: नियंत्रण कक्षातला पडदा, जवळून. दोन रेषा.]

एक रेषा मागितलेल्या हालचालीची, दुसरी मिळालेल्या हालचालीची. दोन्ही एकावर एक बसल्या पाहिजेत. पण वर घर उभं असतं, आणि घराला स्वतःची झुलण्याची लय असते. त्या लयीपाशी घर टेबलाला उलट रेटतं. ज्या लयीत घराची परीक्षा घ्यायची, तिथेच मिळालेली रेषा मागे पडते.

मग तालीम. टेबलाला अगदी हलके, वेडेवाकडे हेलकावे द्यायचे. मागितलं काय, मिळालं काय, ते पाहायचं. जिथे कमी पडतं तिथे हुकूम वाढवायचा, जिथे जास्त होतं तिथे आवरायचा. पुन्हा हलवायचं, पुन्हा ताडायचं.

किती वेळा? इथे खरा पेच आहे. तालीम थोडी, तर भूकंप ओबडधोबड. तालीम जोरात, तर घर परीक्षेआधीच खिळखिळं. आणि खऱ्या धक्क्यात पहिला सांधा निखळला, की घराची लय बदलते. तालमीत बसवलेलं गणित तिथून पुढे शिळं.

[दृश्य: चाचणी पुन्हा, संथ गतीत]

आता पुन्हा पाहा, या वेळी खालची कड. एक घर कोसळतंय, मंचावरचा भार जागा बदलतोय, आणि टेबल ताकातोरीची नोंद वाजवतच आहे. दुसऱ्या घरालाही तोच धक्का, त्याच क्षणी. उभं राहिलेलं घर नशिबाने राहिलं, असं म्हणायला जागा उरत नाही, ती यामुळे.

[दृश्य: क्रेन, ढिगारा]

१९८१च्या बांधकाम नियमांआधी बांधलेल्या इमारतींना मजबुती द्या, असं जपानमध्ये १९९५च्या कायद्यापासून सांगितलं जातंय. या चाचणीने ते डोळ्यांना दाखवलं.

२००९मध्ये याच टेबलावर सात मजली इमारत चढली, खाली एक पोलादी मजला आणि वर सहा लाकडी. भार नवा, लय नवी. तालीम पुन्हा पहिल्यापासून.