पाणी घाण होतं तिथेच पकडायचं

स्टील प्लांटच्या वर जो पांढरा ढग दिसतोय ना, तो प्रत्येक वेळी धूरच असतो असं नाही, बऱ्याचदा ती कूलिंग टॉवरमधून उडणारी पाण्याची वाफ असते. अशा कारखान्यात पाण्याचा मोठा वापर थंड करण्यासाठीच होतो. पाणी मशिनची उष्णता घेऊन टॉवरमध्ये येतं, थोडं उडून जातं आणि बाकीचं परत फिरतं. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, आणि ते वाढत गेले की पाइपात थर बसायला लागतो, म्हणून अधूनमधून थोडं पाणी काढून टाकावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात.

आता हिशोब बघा. क्षार तिप्पट झाले की पाणी सोडायचं असं ठरवलं तर दर 100 लिटर वाफेमागे साधारण 50 लिटर सोडावं लागतं, तेच सहापट होईपर्यंत चालवलं तर फक्त 20! टॉवर तोच, मशिन तीच, फक्त येणारं पाणी आधी नीट साफ केलेलं हवं आणि केमिकलचा डोस रोज कोणीतरी मन लावून बघायला हवा.

आता ही छोटी टाकी. लोखंडावर क्रोमचा थर देतात तिथलं हे धुण्याचं पाणी, पिवळंधमक, आणि हा पिवळा क्रोमियम अतिशय विषारी. ऑपरेटर आधी ॲसिड टाकून पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2 ते 3 वर आणतो, मग सोडियम बायसल्फाइट सोडतो, आणि बघता बघता पिवळं पाणी हिरवट होतं. विष बरंच उतरलं, पण क्रोमियम अजून पाण्यातच आहे. मग चुना घालून पीएच 8-9 वर नेला की हिरवे गुठळे तयार होऊन तळाशी बसतात, तो गाळ दाबून सुकवायचा आणि खाली अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यातच टाकायचा, कुठेतरी उघड्यावर नाही.

हेच पाणी अख्ख्या प्लांटच्या गटारात मिसळलं असतं तर? रंग दिसला नसता, सॅम्पलमध्ये आकडाही कमी आला असता, पण क्रोमियम तेवढाच किलो राहिला असता, आणि आता ॲसिड घालायचं तर सगळ्या गटाराच्या पाण्यात! पाणी वाढवून आकडा कमी करणं ही फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही. जपानमध्ये मिनामाताच्या समुद्रात केमिकल कारखान्यातून पारा जात राहिला, तो माशांमध्ये साठत गेला आणि ते मासे खाणाऱ्या माणसांमध्ये उतरला. 1956 मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली, तरी पारा सोडणं थांबायला 1968 उजाडलं. समुद्र मोठा होता म्हणून कोणी वाचलं नाही.

कोक ओव्हन, म्हणजे कोळसा तापवून कोक बनवायची भट्टी, तिथल्या पाण्याचं प्रकरण आणखी नाजूक, त्यात फिनॉल, सायनाइड, अमोनिया सगळंच असतं आणि ते साफ करतात जिवंत जिवाणू. त्यातले अमोनिया संपवणारे फार हळू वाढतात, एकदम जास्त विष आलं की मरतात आणि परत तयार व्हायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. म्हणून ज्या युनिटमधून हे पाणी येतं त्याने टाकी रिकामी करण्याआधी ईटीपीला, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या विभागाला, फोन करायलाच हवा, मग इथला माणूस ते पाणी बाजूच्या टाकीत घेतो आणि थोडं थोडं करून आत सोडतो.